गॅलरीतले दोन स्टॉप

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक नमुना असेलच. बाबांच्या कपाटातून जुना फिल्म कॅमेरा शोधून काढलेला, मोबाइलमध्ये तीन-तीन लेन्स असताना छत्तीस फोटोंच्या एका रोलसाठी हजाराच्या आसपास रुपये मोजणारा, आणि ते फोटो धुऊन येईपर्यंत आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाणारा. आमच्या ग्रुपमध्ये तो नमुना म्हणजे मी. फक्त माझ्या हौसेला एक डेडलाइन चिकटली होती. डिसेंबर २०२४.

डोंबिवली पूर्वेला, टिळकनगरात, माझ्या आजीची बिल्डिंग होती. तळमजला अधिक दोन, प्रत्येक मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॉमन गॅलरी, आणि गॅलरीत कोणाचे तरी पापड, कोणाची तरी सायकल, कोणाचं तरी तुळशीचं रोप. मी जन्मले तेव्हा आम्ही सगळे तिथेच. मी चार वर्षांची असताना आई-बाबा ठाण्याला नौपाड्यात आले, आजी काका-काकूंबरोबर तिथेच राहिली. मग बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. कागदावर सह्या झाल्या, भाड्याचे चेक ठरले आणि घरं डिसेंबरपर्यंत रिकामी करायची असं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, फोटोच काढायचे तर मोबाइल आहे की. आहे. मोबाइलवर मी चारशे काढलेही. पण त्या घराचा अख्खा अल्बम, आई-बाबांच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीपासून माझ्या बारशापर्यंत, बाबांनी फिल्मवर काढलेला आहे. त्यातला मोठा भाग एकाच कॅमेऱ्यातून: १९९६ साली बोनसच्या पैशांतून घेतलेला निकॉन एफएम १०. अल्बमची शेवटची चार पानं रिकामी होती. ती त्याच कॅमेऱ्याने भरायची, एवढा साधा प्लॅन.

प्रॉब्लेम एकच. कॅमेऱ्याचा लाइट मीटर मेला होता.

एफएम १० मध्ये शटर, अ‍ॅपर्चर सगळं मेकॅनिकल. बॅटरी लागते ती फक्त मीटरला. व्ह्यूफाइंडरमध्ये अधिक, शून्य, उणे असे तीन छोटे दिवे लागतात; शून्य लागला की एक्स्पोजर बरोबर. नव्या बॅटऱ्या घालूनही आमचा एकही दिवा लागेना. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी उघडून बघितला, शटर तपासलं आणि सांगितलं, ‘‘मीटरचा पार्ट मिळणार नाही. बाकी मशीन झकास आहे. एक हजार, दोन हजारचे स्पीड वापरू नकोस, जरा आळशी झालेत. पाचशेच्या खाली राहा.’’ म्हणजे कॅमेरा ठणठणीत, फक्त त्याला उजेड किती आहे ते कळत नव्हतं.

माझ्याकडे एक सेकंडहँड निकॉन डीएसएलआर आहे. फ्रीलान्स कामं त्याच्यावरच चालतात. तर फंडा सोपा वाटला. डिजिटलवर फोटो काढायचा, स्क्रीनवर बघायचं, जमला की तेच आकडे फिल्म कॅमेऱ्यावर लावायचे. कॉपी-पेस्ट! आधी स्टुडिओवाले फोटोग्राफर महागडी फिल्म वाया जाऊ नये म्हणून पोलरॉइडवर ट्रायल घ्यायचेच. डिजिटल म्हणजे फुकटचं पोलरॉइड.

आमच्याकडे तर सोयही होती. बाबांची ५० एमएमची जुनी निकॉन लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर बसते. एकच भानगड: डिजिटलवर लावताना लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर लॉक करायची, नाहीतर कॅमेरा चक्क एरर दाखवतो आणि शटर दाबूच देत नाही. आणि डिजिटलचा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा छोटा असल्यामुळे चित्र जरा जवळून कापल्यासारखं दिसतं, पण त्याने एक्स्पोजर बदलत नाही. एफ/४ तिकडेही एफ/४ च.

बाबांना हे सगळं ऐकून हसू आलं. ‘‘मीटर कशाला हवाय? ऊन बघ ना.’’

आता थोडी थिअरी. घाबरू नका, दोन मिनिटांत संपेल. फोटोला लागणारा उजेड तीन गोष्टी ठरवतात: लेन्सचं भोक किती उघडं (अ‍ॅपर्चर), किती वेळ उघडं (शटर), आणि फिल्म किंवा सेन्सर किती नाजूक (आयएसओ). यातलं काहीही दुपटीने वाढलं किंवा निम्म्याने कमी झालं, की त्याला म्हणतात एक स्टॉप. दोन स्टॉप म्हणजे चौपट. बाबा ज्याच्या जिवावर उड्या मारत होते तो म्हणजे सनी सिक्स्टीनचा नियम: लख्ख ऊन असेल तर एफ/१६ लावा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. २०० ची फिल्म, तर एकदोनशेच्या आसपास, म्हणजे डायलवरचं अडीचशे. ढग आले की एकेक स्टॉप उघडत जायचं. बाबांच्या पिढीतले लोक हे असं बोलतात, ‘‘सावलीत पाच-सहा, वन ट्वेंटीफाय,’’ जणू लोकलचं टाइमटेबल सांगतायत.

उन्हासाठी ठीक. पण मला फोटो काढायचा होता गॅलरीत बसलेल्या आजीचा: चेहरा सावलीत आणि मागे आकाश. तिथे अंदाजावर एकही फ्रेम घालवायची माझी तयारी नव्हती. मी कोडॅक गोल्ड २०० चे दोन रोल घेतले. एक टेस्टसाठी, एक घरासाठी. (होय, टेस्टसाठी अख्खा रोल. आई दोन दिवस बोलली नाही.)

टेस्ट केली ठाण्याला, तलावपाळीवर. मैत्रिणीला एका भेळेच्या बोलीवर कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूला झाडाखाली बसवलं. ती सावलीत, मागे मासुंदा तलाव भर उन्हात चमकतोय, बोटी फिरतायत. म्हणजे आजीच्या गॅलरीसारखाच पेच. डिजिटलवर स्पॉट मीटरिंगने तिच्या गालावरचा उजेड मोजला. मग तेच आकडे दोन्ही कॅमेऱ्यांवर, आणि तिथून एक स्टॉप वर, दोन वर, एक खाली, दोन खाली. लेन्स काढ, घाल, रिंग २२ वर, रिंग परत. भेळ दोन झाल्या.

एक काळजी तुम्हीही घ्या. लॅबवाले स्कॅन करताना फोटो आपोआप उजळ-गडद करून देतात. रोजच्या फोटोंसाठी ते छान, पण टेस्टसाठी त्यामुळे सगळा फरकच पुसला जातो. म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘काही सुधारू नका.’’ आणि निगेटिव्ह हातात आल्यावर खिडकीशी धरून बघितल्या.

मधल्या फ्रेममध्ये दोन्ही कॅमेरे जवळपास सारखे निघाले. फरक असलाच तर एक तृतीयांश स्टॉपचा, म्हणजे डोळ्याला जाणवेल न जाणवेल इतका. पण कडेच्या फ्रेम्स बघितल्या आणि खरा खेळ कळला. फिल्म दोन स्टॉप जास्त एक्स्पोज केली होती तिथे मैत्रीण मस्त दिसत होती, मागे तलाव फिकट पण शाबूत, बोटी मोजता येत होत्या. दोन स्टॉप कमी केली तिथे तिचे केस, काळा टी-शर्ट आणि झाडाचं खोड यांचा मिळून एक चिखलाचा गोळा. डिजिटलचं बरोब्बर उलटं. कमी एक्स्पोज केलेल्या फाइलमधून कॉम्प्युटरवर चेहरा ओढून वर काढता आला. जास्त केलेल्या फाइलमध्ये तलाव पांढराफेक, आणि एकदा पांढरा झाला की तिथे काहीच उरत नाही. तुम्ही सॉफ्टवेअरच्या कितीही पाया पडा.

म्हणजे आकडे तेच, पण दोघांची भीती वेगळी. डिजिटल उजेडाला घाबरतं, निगेटिव्ह अंधाराला. डिजिटलवाला आकाश सांभाळून आकडे ठरवतो. तेच आकडे डोळे मिटून फिल्मवर लावले तर सावलीतला माणूस गेला. आधी ठरवायचं की या फोटोत काय गेलेलं चालणार नाही, आणि मीटर त्यावर धरायचा.

आणि आयएसओचा आकडा तरी कुठे देवाने दिलाय? आधी अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन असे दोन हिशेब होते, १९७४ पासून ते आयएसओत एकत्र आले. त्याआधी १९६० मध्ये तर गंमतच झाली. फिल्म कमी एक्स्पोज होऊ नये म्हणून जुन्या पद्धतीत सुरक्षेसाठी थोडी जास्तीची मोजणी धरलेली असायची. ती नव्या स्टँडर्डने काढून टाकली आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्म्सचे आकडे एकदम दुप्पट झाले. कोडॅकची ट्राय-एक्स २०० ची होती, ती ४०० ची झाली. डब्यात फिल्म तीच! डिजिटलचा तर नियमच वेगळा आहे. आयएसओ १२२३२ नावाच्या त्या स्टँडर्डमध्ये २००६ साली अशी एक पद्धत आली की ज्यात कंपनीलाच ठरवता येतं, आपल्या कॅमेऱ्यात ‘२००’ म्हणजे किती. म्हणून तुमच्या मित्राच्या कॅमेऱ्यावरचे आकडे तुमच्या फिल्मला लागू पडतीलच असं नाही. तुमची जोडी तुम्हालाच तपासावी लागते, लग्नासारखीच.

मोबाइलवर तर या कामासाठी मी विश्वासच ठेवत नाही. तो एका क्लिकमध्ये दोन-चार फोटो काढून, आकाश एकातून आणि चेहरा दुसऱ्यातून घेऊन तुम्हाला गोड चित्र दाखवतो. त्याच्या आकड्यांवर तुमच्या फिल्मने काय करावं? लाइट मीटरची अ‍ॅप्स असतात, ती त्यापेक्षा बरी. डिजिटल कॅमेऱ्यावरही ऑटो आयएसओ आणि ते सावल्या आपोआप उजळणारं सेटिंग आधी बंद करा. आणि रात्रीच्या फोटोंना वेगळाच चटका आहे. लांबलचक एक्स्पोजरमध्ये फिल्म दमते. इल्फर्डच्या एचपी ५ चा कंपनीनेच दिलेला हिशेब बघितला तर मीटर दहा सेकंद म्हणाला की द्यावे लागतात वीस. डिजिटलचे दहा म्हणजे दहाच. तलावपाळीचे रात्रीचे दिवे काढायचे असतील तर हे लक्षात ठेवा. मला नव्हते काढायचे, म्हणून पुढे जाते.

डिजिटलवर मापून फिल्मवर काढण्याची यापेक्षा कितीतरी बड्या लेव्हलची गोष्ट मुंबईतच घडून गेलीय. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म बंद केली आणि तिचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरीला दिला. ‘अफगाण गर्ल’वाला मॅकरी. छत्तीस फ्रेम्स, जगातल्या शेवटच्या. २०१० मध्ये तो रोल घेऊन तो भारतात आला आणि मुंबईत त्याने अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास, शेखर कपूर यांचे फोटो काढले. नॅशनल जिओग्राफिकने यावर डॉक्युमेंटरी केलीय. एवढा मोठा माणूस, पण त्यात तो आधी डिजिटलवर काढून उजेड बघतो आणि मगच फिल्मच्या कॅमेऱ्याला हात लावतो. मग तो रोल अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी गेला, कारण कोडाक्रोम धुणारी शेवटची लॅब तिथे होती. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला तिनेही धुण्यासाठी नवे रोल घेणं थांबवलं.

ते बघताना माझ्या टेन्शनला एकदम कंपनी मिळाली. पण एक फरक होता. मॅकरीची स्लाइड फिल्म डिजिटलसारखीच उजेडाला घाबरणारी. त्यामुळे त्याला डिजिटलचा आकडा बऱ्यापैकी सरळ उचलता येत होता. मला निगेटिव्हसाठी तो उलटा करून वाचावा लागणार होता.

आता बाबांची डायरी. ही कोणा बँकेची फुकट मिळालेली, निळ्या रेक्झिनची. बाबांनी फिल्मच्या काळात प्रत्येक रोलचे आकडे त्यात लिहून ठेवलेत. कुठे, किती वाजता, कुठली फिल्म, अ‍ॅपर्चर, शटर. माणूस रेल्वेच्या अकाउंट्समध्ये होता, त्यामुळे खाडाखोड नाही. टेस्टचे निकाल बघून आम्ही दोघं ती चाळत बसलो आणि एक ओळ सापडली.

‘दिवाळी ९८. गॅलरी. आई + बाळ. स. ८. कोनिका १००. ५.६, १/१२५.’

बाळ म्हणजे मी. तो फोटो अल्बममध्ये आहे. गॅलरीत स्टुलावर आजी, मांडीवर अभ्यंगस्नान झालेली, काजळ फिसकटलेली सव्वा वर्षाची मी. मागे समोरच्या बंगल्याच्या माडांचे शेंडे आणि भरपूर आकाश. त्या वेळी मीटर चालू होता. बाबा चेहऱ्याजवळ जाऊन मोजायचे आणि मग मागे येऊन फोटो काढायचे, त्यामुळे तो आकडा आजीच्या चेहऱ्यावरच्या उजेडाचा होता. ठरलं. तीच जागा, तीच वेळ, दिवाळीची सकाळ. एवढंच नाही, आकडेही रेडीमेड मिळाले असं मला वाटलं.

नरकचतुर्दशीला डोंबिवलीत सकाळी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. अख्खी तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर. ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून आम्ही उतरलो आणि गणपतीच्या देवळापर्यंत नुसते झब्बे, साड्या आणि सेल्फी. त्या गर्दीतून दोन कॅमेरे पोटाशी धरून मी वाट काढत होते. बाबा पुढे, ‘‘सरका हो, जरा सरका’’ करत.

आठ वाजता आजी गॅलरीत स्टुलावर बसली. डिजिटल आयएसओ १०० वर, ५.६ वर, स्पॉट मीटर तिच्या गालावर. आकडा आला १/३०.

परत मोजलं. १/३०. आकाश स्वच्छ, ढगाचा पत्ता नाही. ५.६ आणि १/१२५ च्या जागी ५.६ आणि १/३०, म्हणजे दोन स्टॉप कमी. बाबांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली. ‘‘तुझ्या डिजिटलचा काहीतरी घोळ असेल.’’ पण तलावपाळीवर मी अख्खा रोल घालवून नेमकं हेच तर तपासलं होतं. माझ्या डिजिटलमध्ये आणि फिल्ममध्ये फार तर एक तृतीयांश स्टॉपचा फरक. दोन स्टॉप फक्त कॅमेऱ्याच्या फरकाने येत नाहीत.

अल्बम बरोबर आणला होता. तो उघडून धरला आणि समोर बघितलं. फोटोत जिथे माडांचे शेंडे आणि आकाश, तिथे आता सात मजल्यांची भिंत. बंगला पाडून ती बिल्डिंग उभी राहिली त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. रोज बघतो म्हणून कोणाला दिसत नव्हती. वर आकाशाची एक पट्टी तेवढी राहिलीय.

‘‘मग मी काय सांगतेय कधीची?’’ आजी स्टुलावरूनच म्हणाली. ‘‘सकाळी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत गॅलरीत. तर म्हणे, आई, डोळे तपासून घे.’’

हे काकांसाठी होतं. काका आतून चहा घेऊन आले होते ते दारातच थांबले. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २०१९ मध्ये झालं. त्यानंतरही ती ‘अंधार वाटतो’ म्हणायची आणि घरातले सगळे, मी धरून, ‘वय झालं’ म्हणायचो. तिला दोन वेळा नवे चष्मे करून दिले. एकदा डॉक्टरांनी सगळं नॉर्मल आहे म्हटल्यावर काकू तिला हळूच म्हणाली होती, ‘‘मनाचे खेळ असतात हो आई.’’

बाबांनी डायरी काकांसमोर धरली. ‘‘आईचं बरोबर होतं रे. हे अठ्ठ्याण्णवचं. हे आजचं. दोन स्टॉप गेलेत.’’

‘‘स्टॉप म्हणजे किती?’’ आजीने विचारलं.

बाबांनी थोडा विचार केला. ‘‘आधी रुपया होता असं समज. आता चार आणे उरलेत.’’

‘‘एवढं कमी?’’ आजी म्हणाली. मग जरा वेळाने, ‘‘तरी मी निवडत होते हो तांदूळ.’’ काका काही बोलले नाहीत. त्यांनी पहिला कप तिला दिला.

मला राहवत नाही म्हणून इथेच लिहिते: समोरच्या सात मजल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आमच्या जागी बारा मजले येणार आहेत, आणि आमच्या मागच्या बाजूला एक बैठी चाळ आहे. तिथेही कोणी सकाळी बाहेर बसून तांदूळ निवडत असेल. त्यांच्या उजेडाचा आकडा कोणी लिहून ठेवलाय का, मला माहीत नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरियावर तीन तास चर्चा झाली. उजेडावर शून्य मिनिटं.

असो. फोटो अजून काढायचा होता.

डिजिटलवर आजीचा चेहरा नीट येईल असा ट्रायल शॉट घेतला, आणि मागची आकाशाची पट्टी स्क्रीनवर काळी-पांढरी लुकलुकायला लागली. म्हणजे तिथे सगळं जळालं. डिजिटलची सवय असलेला कोणीही काय करेल? एक-दोन स्टॉप कमी करेल. माझंही बोट डायलवर गेलं होतं. बाबा म्हणाले, ‘‘ते लुकलुकणं हे तुझ्या डिजिटलचं दुखणं आहे, माझ्या फिल्मचं नाही.’’ तलावपाळीच्या निगेटिव्ह मला आठवत होत्याच. मी उलट एक स्टॉप वाढवला. २०० ची फिल्म १०० ची आहे असं समजून मोजलं की सावल्यांना पोटभर मिळतं. आकडे निघाले एफ/४ आणि १/६०. लेन्स एफएम १० वर चढवली, रिंग ४ वर, डायल साठवर. साठला हात हलता कामा नये, म्हणून गॅलरीच्या कठड्याला पाठ टेकवली, श्वास धरला.

बाबांनी या कॅमेऱ्याने शेवटचा फोटो काढला त्याला वीस वर्षं झाली असतील. आता त्यांचे हात थोडे कापतात. मी फिल्म सरकवण्याचा लिव्हर ओढला आणि कॅमेरा त्यांच्याकडे दिला. ‘‘बाबा, दुसरी फ्रेम तुम्ही काढा.’’ ते नको म्हणाले. मग म्हणाले, ‘‘शटर एकशेपंचवीसला घे. अ‍ॅपर्चर दोन-आठ.’’ बरोबर होतं. शटर एक स्टॉप कमी, अ‍ॅपर्चर एक स्टॉप जास्त, उजेड तेवढाच, आणि हाताचं कापणं फोटोत कमी उतरतं. हा हिशेब त्यांनी मनात केला, माझ्याआधी. आजी आपल्या मुलाकडे बघत होती.

बाकीच्या फ्रेम्स घरभर. स्वयंपाकघरातला ओटा, जिन्याचा गुळगुळीत झालेला कठडा, काकूची फोडणी, मीटर-बॉक्सवर खडूने लिहिलेले दूधवाल्याचे हिशेब. प्रत्येक ठिकाणी तोच खेळ: डिजिटलवर मापा, ठरवा की यातलं काय गेलेलं चालणार नाही, मग फिल्म. माझ्या एका तासात जितके फोटो होतात तितके त्या दिवशी सहा तासांत झाले. रोल मुंबईतल्या एका लॅबमध्ये दिला. कलर निगेटिव्ह साधारण अडतीस अंश तापमानाच्या डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं असते. आम्ही आठवडाभर थांबलो.

आजीचे दोन्ही फोटो आले. माझ्यात आकाशाची पट्टी फिकट निळी दिसते, समोरच्या बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावरचा आकाशकंदीलही दिसतो. बाबांचा किंचित हललाय, पण आजी त्यातच जास्त हसतेय. अल्बममध्ये दोन्ही लावले. १९९८ च्या फोटोशेजारी ठेवून बघितलं तर उजेड सारखाच दिसतो, कारण चेहरा नीट यावा म्हणून आम्ही आकडे बदलले होते. नुसता फोटो बघून कोणाला कळणार नाही की तिथे चार आणेच उरले होते. त्यासाठी डायरी बघावी लागेल. तिच्यात बाबांनी अठ्ठ्याण्णवच्या ओळीपुढे बाण काढून नवीन ओळ लिहिलीय.

डिसेंबरमध्ये काकांनी कल्याणला खडकपाड्याला भाड्याने फ्लॅट घेतला. अकरावा मजला, पूर्वेची बाल्कनी, समोर काही नाही. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा सकाळी डिजिटल काढून बघितलं: १०० ला ५.६, १/५००. अठ्ठ्याण्णवच्याही दोन स्टॉप वर. आजीने बाल्कनीच्या दाराला जुनी जाड चादर बांधून टाकली होती. ‘‘डोळ्यांवर येतं गं फार,’’ म्हणाली.

बाबांनी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं. ‘‘आई, पडद्यासकट मोजू की पडदा काढून?’’

‘‘पडद्यासकट,’’ आजी म्हणाली, आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं.